भुतांच्या सुगीचा महिना

आपल्या बँकेच्या कितीतरी खातेदारांची नातवंडे आज अमेरिकेतील शाळांत शिकत आहेत. ऑक्टोबर उजाडला की त्यांच्या दूरध्वनीवरील गप्पांत भुते डोकावू लागतात, असा अनुभव अनेक आजी-आजोबांनी घेतला असेल. घरोघरी कोरलेले भोपळे मांडलेले असतात, दुकानांत कागदी सांगाडे टांगलेले असतात आणि एखाद्या दिवशी शाळेच्या सभागृहात भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या बाई येऊन जातात. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनपूर्वीचे तीन-चार आठवडे म्हणजे तिकडच्या फिरत्या कथेकऱ्यांची सुगीच होय. सकाळी एका गावची शाळा, दुपारी दुसऱ्या गावची आणि सायंकाळी तिसऱ्या गावचे सार्वजनिक ग्रंथालय, अशी त्यांची फेरी चालते. त्यांचे मानधन बहुधा पालक-शिक्षक संघ किंवा ग्रंथालयाचे स्नेहीमंडळ देते.

आपल्याकडे भुताची गोष्ट ऐकायची ती पडवीत, कंदिलाच्या उजेडात, आजीला बिलगून. तीच गोष्ट वेळापत्रकात तास राखून, शाळेच्या अनुमतीने ऐकायची, ही कल्पना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. प्रस्तुत लेखकालाही ती तशीच वाटली होती. परंतु जॅकी टॉरेन्स यांचे चरित्र वाचनात आले आणि मत पालटले.

टॉरेन्स यांचा जन्म १९४४ साली शिकागो येथे झाला. वाढल्या मात्र त्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एका खेड्यात, आजी-आजोबांजवळ. कृष्णवर्णीयांच्या मौखिक कथांचे भांडार त्यांना तेथे घरातच मिळाले. पण ते इतरांपर्यंत पोहोचवायचे कसे? दातांच्या दोषामुळे त्यांचे उच्चार अस्पष्ट होत आणि त्या बोलू लागल्या की वर्गातील मुले हसत. ज्या मुलीला चारचौघांत तोंड उघडण्याचीच धास्ती वाटत होती, तिच्यासाठी शिक्षकांनी वेळ काढला, उच्चार घोटून घेतले, तिला लिहिते आणि वाचते केले.

पुढे त्या हाय पॉइंट येथील सार्वजनिक ग्रंथालयात नोकरीस लागल्या. १९७२ साली एके दिवशी मुलांना गोष्टी सांगणारी व्यक्ती येऊ शकली नाही. मुले तर ताटकळत बसलेली. वरिष्ठांनी टॉरेन्सबाईंना गळ घातली आणि त्या नाखुशीनेच मुलांपुढे उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून त्यांचे आयुष्य बदलले. ‘गोष्टीवाल्या बाई’ या नावाने त्या ओळखल्या जाऊ लागल्या, बोलावणी वाढली आणि अखेर नोकरी सोडून त्यांनी कथाकथन हाच व्यवसाय पत्करला. निश्चित वेतन सोडून केवळ आवाजाच्या बळावर संसार चालवायचा, हा निर्णय किती धाडसाचा होता, हे बँकेच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको! टेनेसी राज्यातील जोन्सबरो गावी १९७३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कथाकथन महोत्सवातही त्यांचा आवाज गाजला. हा महोत्सव ऑक्टोबरच्या आरंभीच भरतो आणि त्यात भुताच्या गोष्टींसाठी रात्री उघड्यावर स्वतंत्र बैठक असते.

मुलांना घाबरवण्याची ही विद्या वाटते तितकी सोपी नाही. तिचे मर्म सांगितले आहे ते मार्क ट्वेन यांनी, १८९५ सालच्या एका निबंधात. बालपणी मिसुरीतील काकांच्या मळ्यावर एका वृद्ध गुलामाच्या तोंडून त्यांनी ‘सोन्याचा हात’ ही गोष्ट ऐकली होती. मृत पत्नीचा सोन्याचा हात लोभी नवरा थडग्यातून काढून आणतो; रात्री वारा घोंघावतो आणि त्या वाऱ्यातून आपला हात मागत कोणीतरी पायरी पायरी चढत येते. ट्वेन यांच्या मते सारी किमया शेवटच्या ओरडण्याआधीच्या विरामात आहे. तो तसूभर लांबला की श्रोता सावध होतो, तसूभर आखूड झाला की भीतीच बसत नाही.

जाता जाता सांगण्याजोगी एक गोष्ट अशी, की ट्वेन हेही त्या काळी फिरते कथेकरीच बनले होते आणि तेही कर्जापायी. १८९४ साली त्यांची प्रकाशनसंस्था बुडाली. देणेकऱ्यांची पै-पै फेडण्यासाठी त्यांनी जगभर व्याख्यानांचा दौरा काढला. जानेवारी १८९६ मध्ये ते मुंबईस आले आणि नॉव्हेल्टी थिएटरात त्यांचे कार्यक्रम झाले. कायद्याने बंधन नसतानाही त्यांनी सारे कर्ज फेडले. असा कर्जदार विरळाच!

मात्र शाळेत भुते आणावीत की नाही, याविषयी अमेरिकेतही एकमत नाही. काही कुटुंबांना हा सण धर्मबाह्य वाटतो, काहींना मुलांच्या झोपेची काळजी असते. ॲल्विन श्वार्ट्झ यांनी लोककथांतून निवडलेल्या, अंधारात सांगण्याजोग्या भयकथांचा पहिला संग्रह १९८१ साली निघाला. या मालेवर इतके आक्षेप आले, की अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या १९९० ते १९९९ या दशकातील आक्षेपार्ह ठरवलेल्या पुस्तकांच्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर आहे. काही शाळांनी तर हॅलोविन वगळून सुगीचा उत्सव धरला. मग भुतांनाही शरद ऋतूच्या गोष्टी या नावाखाली यावे लागते.

पालकांची काळजी अनाठायी आहे असे म्हणवत नाही. चार वर्षांच्या मुलाला थडग्याची गोष्ट सांगणे हा अविचारच. जाणते कथेकरी म्हणूनच वय पाहून गोष्ट निवडतात. लहानग्यांसाठी हाड उचलून आणणाऱ्या इवल्याशा म्हातारीची इंग्रजी लोककथा असते. तिच्या शेवटी एक मोठा आवाज होतो, मुले दचकतात आणि लगेच खिदळतात. ‘सोन्याचा हात’ मोठ्या मुलांच्या वाट्याला येतो. एखादे मूल शेजाऱ्याचा हात घट्ट धरताना दिसले, की आवाज हळूच खाली आणायचा, हेही त्या कलेतच मोडते. सभागृहातील भीती सर्वांची मिळून असते, ती एकट्याने अंथरुणात भोगावी लागत नाही, हा भेद फार मोलाचा वाटतो. ज्या मुलीच्या बोलण्याला वर्ग हसला होता, तिने पुढे त्याच आवाजाने भरल्या सभागृहातील मुलांचे श्वास रोखून धरावेत, यातले समाधान कोणत्या मानधनात मोजणार?

अखेरच्या वर्षांत आजारपणामुळे टॉरेन्सबाईंना चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला, तरी गोष्टी थांबल्या नाहीत. २००४ सालच्या नोव्हेंबरअखेर त्या निवर्तल्या.

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातील गोष्टींच्या तासाची एक जुनी रीत आहे. आरंभी मेणबत्ती पेटवतात. ती तेवते तोवर गोष्टी चालतात आणि संपल्यावर मुले मनात एखादी इच्छा धरून ती फुंकतात. ऑक्टोबरात, भुताच्या गोष्टीनंतर, ती फुंकायला पुढे कोण येणार यावरून मुलांत थोडी ढकलाढकली होत असेल, असे आपले मला वाटते.