आधी उजेड पाडा!

रायपूरच्या माना विमानतळावरून सेसना 172 उडालं आणि पश्चिमेला वळलं, की दहा-पंधरा मिनिटांत भिलाईच्या पोलाद कारखान्याचा पसारा समोर येतो. त्याच्या उत्तरेला नंदिनी. कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या खाणी तिथल्याच आणि त्या बाजूला एक छोटी धावपट्टीही आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची 2020 ची आवृत्ती उपग्रह आणि हवाई छायाचित्रांवर बेतलेली असल्यामुळे सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये टेबलाशी बसलेल्या भिलाईकरालाही हा सगळा मुलूख वरून ओळखता येतो.

उड्डाण सोपं असतं, घोळ होतो तो उतरताना. धावपट्टीला समांतर, पण उलट दिशेनं, जमिनीपासून साधारण 1000 फुटांवरून जायचं आणि धावपट्टीचं टोक डाव्या खांद्यामागे 45 अंशांवर आलं की वळायचं, हा शिकाऊ वैमानिकाचा पहिला धडा. म्हणजे नाकाच्या रेषेपासून तब्बल 135 अंश मागे पाहायचं. खऱ्या विमानात मान वळवली की झालं. संगणकावर जॉयस्टिकवरचं छोटं बटण दाबावं लागतं, दृश्य टुणकन उडी मारतं आणि पुन्हा समोर पाहीपर्यंत विमान कलंडलेलं असतं. मान वळवली की दृश्यही वळवणाऱ्या हेड ट्रॅकिंगची गरज भासते ती इथे.

डोकं कुठे वळलंय हे यंत्रानं ओळखायचं, ही कल्पना महाराष्ट्राला तशी जुनी आहे. 1987 मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर मिग-29 विमानं आली. या विमानाच्या वैमानिकाच्या हेल्मेटवर अवरक्त दिवे असत आणि कॉकपिटमधले संवेदक त्यांच्यावर नजर ठेवून त्याचं डोकं कुठे वळलंय ते टिपत. घरगुती बाजारात हेच तत्त्व अमेरिकेतल्या नॅचरलपॉइंट कंपनीच्या ट्रॅकआयआरनं आणलं. टोपीला चिमटा लावायचा, त्यावरचे ठिपके कॅमेरा पाहतो. ट्रॅकआयआर 5 सेकंदाला 120 चित्रं घेतो, त्यामुळे दृश्य लोण्यासारखं सरकतं. पण त्याला पैसे पडतात.

फुकटातला मार्ग म्हणजे ओपनट्रॅक. या मुक्त सॉफ्टवेअरमधला न्यूरलनेट ट्रॅकर साध्या वेबकॅमच्या चित्रात चेहरा शोधतो आणि सहा आकडे काढतो. डोकं डावी-उजवीकडे किती वळलं, वर-खाली किती झुकलं, खांद्याकडे किती कललं, हे तीन. आणि डोकं बाजूला, वर, पुढे किती सरकलं, हे उरलेले तीन. हे आकडे सिम्युलेटरला मिळाले की कॉकपिटमधली नजर हलते. चिमटा नको, टोपी नको. पहिल्याच दिवशी तक्रार मात्र ठरलेली: मान स्थिर, तरी कॉकपिट थरथरतंय.

मग बहुतेक जण फिल्टरकडे धावतात. फिल्टर म्हणजे मागच्या काही आकड्यांशी मेळ घालून थरथर कमी करणं. पण त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. सेकंदाला 30 चित्रं देणाऱ्या कॅमेऱ्याच्या शेवटच्या 10 चित्रांची साधी सरासरी काढली, तर दृश्य सुमारे 150 मिलिसेकंद मागे राहतं. मान वळून थांबते, कॉकपिट अजून वळतच असतं. अशानं मळमळायला लागतं. 2012 मध्ये मांडला गेलेला ‘वन यूरो’ फिल्टर यावर तोड काढतो: डोकं हळू हलत असेल तर जास्त गाळतो, झपकन वळलं तर गाळणं सैल सोडतो. ओपनट्रॅकमधला अ‍ॅक्सेला फिल्टरही छोटी हालचाल दाबून मोठीला वाट देतो. तरीही मुळातच खराब आलेलं चित्र कुठलाही फिल्टर सुधारू शकत नाही.

खरा दोष बहुधा खोलीतल्या उजेडाचा असतो. चेहऱ्यावर प्रकाश कमी पडला की वेबकॅम प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो. सेकंदाची 30 चित्रं 15 वर येतात, वळणारा चेहरा फरफटल्यासारखा दिसतो आणि अंधाऱ्या चित्रात दाणे उमटतात. ट्रॅकर त्या दाण्यांनाच हालचाल समजतो. पाठीमागे उघडी खिडकी असेल तर कॅमेरा खिडकीचा उजेड धरतो आणि चेहरा काळवंडतो. आपल्याकडे आणखी दोन भानगडी. भारतातली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. वेबकॅमची सेटिंग 60 हर्ट्झवर राहिली असेल तर चित्रात सरकते पट्टे दिसतात. ती 50 वर आणावी लागते. दुसरी भानगड छताच्या पंख्याची. दिवा पात्यांच्या वर असेल तर पात्यांची सावली सतत चेहऱ्यावरून फिरत राहते.

उपाय स्वस्त आहे. मॉनिटरच्या बाजूला, तोंडावर उजेड पडेल असा टेबललॅम्प ठेवायचा, कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर आणि ‘लो लाइट कॉम्पेन्सेशन’ बंद करायचं, एक्स्पोजर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास बसवायचं. कॅमेरा सेकंदाला 60 चित्रं देत असेल तर तोच पर्याय निवडायचा.

यानंतर पाळी आलेखाची: मान किती वळली की दृश्य किती वळवायचं, हे तो ठरवतो. डोळे पडद्यावर ठेवून मान फार तर 25-30 अंश वळते, आणि पाहायचं असतं 135 अंश मागे. म्हणजे प्रत्येक हालचाल सुमारे पाचपट होते, आणि तितकीच पाचपट थरथरही. म्हणून ओपनट्रॅकच्या आलेखात मधले चार-पाच अंश जवळजवळ सपाट ठेवायचे आणि पुढे रेषा चढवत न्यायची. समोरची घड्याळं वाचताना कॉकपिट मग हलत नाही. डोकं खांद्याकडे कलण्याचा आकडा अनेक जण बंदच ठेवतात. उतरताना क्षितिज तिरकं दिसलं तर गोंधळच होतो.

तेव्हा नवा कॅमेरा किंवा ट्रॅकआयआर मागवण्याआधी एक संध्याकाळ याच क्रमानं घालवावी: उजेड, एक्स्पोजर, आलेख आणि सगळ्यात शेवटी, लागलाच तर, थोडासा फिल्टर. एवढं करूनही नंदिनीची धावपट्टी खांद्यामागे स्थिर दिसत नसेल, तरच खिशात हात घालावा.