झोपेंतील अपस्मार आणि घराण्याचा इतिहास

मध्यरात्र उलटलेली असते. गिरगांवांतील एखाद्या चाळींत सर्वत्र निजानीज झालेली असते. इतक्यांत नऊ-दहा वर्षांचा मुलगा दचकून उठतो, ओरडतो, हातपाय झाडूं लागतो आणि अर्ध्या मिनिटांत पुनः निपचित झोपी जातो. घटकाभरानें पुनः तोच प्रकार! आई म्हणते, स्वप्नांत भ्याला. आजी मीठमोहऱ्या ओंवाळते. शेजारी बाहेरच्या बाधेचा संशय घेतात. सकाळीं मुलगा शाळेंत जातो, वर्गांत डुलक्या घेतो आणि गुरुजींच्या रागास पात्र होतो.

हा नेहमींच स्वप्नाचा खेळ असतो असें नाहीं. तो अपस्माराचा, म्हणजे फेफऱ्याचा, एक प्रकार असूं शकतो. झोपेंतील साधें भय बहुधा रात्रीच्या पूर्वभागांत, एखादेच वेळीं येतें व बराच वेळ टिकतें. या रोगाचे झटके मात्र कांहीं सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंतच टिकतात, एका रात्रींत अनेकदां येतात आणि दर वेळीं एकाच साच्याचे असतात. पुष्कळदां मुलास त्या वेळीं शुद्धही असते. मेंदूच्या विद्युल्लहरींचा आलेख निर्दोष निघाला, तरी रोग नाहीं असें ठरत नाहीं. म्हणून झटका चालूं असतांना मोबाईलवर घेतलेलें चित्रण डॉक्टरांस फार उपयोगी पडतें.

हा रोग कित्येक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. १९९५ सालीं ऑस्ट्रेलियांतील एका मोठ्या कुटुंबाच्या अभ्यासांतून त्याचें पहिलें जनुक सांपडलें. मज्जापेशीच्या भिंतींत सूक्ष्म दारें असतात. ॲसिटिलकोलीन नांवाचें द्रव्य किल्लीप्रमाणें तीं उघडतें. जनुकांत लहानशी चूक झाली, कीं दाराची रचना बिघडते आणि मज्जापेशींचा समतोल झोपेंत ढळतो. पुढें याच रोगाचीं आणखी जनुकेंही उजेडांत आलीं.

कोणतें दार बिघडलें हें कळलें, तर त्याच दारावर चालणारें औषध योजावें, ही नेमक्या उपचाराची कल्पना. कार्बामाझेपीन हें जुनें औषध यांतील बहुसंख्य रुग्णांस गुण देतें. त्यानें भागलें नाहीं अशा कांहीं थोड्या रुग्णांस, त्यांत मुलेंही होतीं, निकोटिनची पट्टी त्वचेवर लावून डॉक्टरांनीं झटके आटोक्यांत आणले. कारण निकोटिन त्याच दारास जाऊन चिकटतें. परंतु यावरून कोणीं मुलास मिश्री किंवा तंबाखू देण्याचा अविचार करूं नये. तें विषच होय. शिवाय प्रत्येक कल्पना फळास येतेच असें नाहीं. २०१२ सालीं दुसऱ्या एका जनुकाचा शोध लागल्यावर क्विनिडीनकडून मोठी आशा होती. प्रौढ व किशोरवयीन रुग्णांवरील काटेकोर परीक्षेंत मात्र तें निष्फळ ठरलें आणि हृदयास अपायाचें भय दिसलें.

झटक्याचे वेळीं कांदा किंवा चप्पल हुंगवूं नये, तोंडांत चमचा घालूं नये, हातपाय दाबून धरूं नयेत. मुलास कुशीवर वळवावें. झटका पांच मिनिटांहून अधिक लांबल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें. चालूं औषध आपल्या मनानें कधींही थांबवूं नये.

दादर-लालबागच्या कुटुंबांस परळ दूर नाहीं. तेथें १९२६ पासून के. ई. एम. आणि १९२९ पासून बाई जेरबाई वाडिया यांच्या नांवाचें मुलांचें रुग्णालय आहे. खरी अडचण अंतराची नसून लज्जेची आहे. लग्नें मोडतील या भीतीनें घराण्यांतील फेफरें लपविलें जातें. हिंदु विवाहाच्या कायद्यांत अपस्मार विवाहास बाधक मानणारे शब्द होते. ते १९९९ सालीं काढून टाकण्यांत आले. कायद्यानें जें सोडलें, तें घरांनीं धरून ठेवूं नये. सदोष जनुक आईकडून वा वडिलांकडून प्रत्येक अपत्यास येण्याचा संभव निम्मा असतो, आणि आलें तरी प्रत्येकास रोग होतोच असें नाहीं. यांत कोणाचाही अपराध नाहीं.

मीठमोहऱ्या ओंवाळणाऱ्या आजीस कदाचित् आठवत असेल, कीं मुलाचा काका लहानपणीं असाच ओरडून उठे. तें तिनें डॉक्टरांस सांगावें. त्या एका वाक्यानें नातवाच्या रोगाचें नांव कळूं शकतें आणि उपचारास दिशा मिळूं शकते.