अवघड जागेचे दुखणे आणि डॉक्टरांचे मतभेद



"अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर" ही म्हण ऐकून आपण हसतो. पण या म्हणीतला रोगी कारखान्याच्या दवाखान्यात मी कितीतरी वेळा पाहिला आहे. बाकीची गर्दी ओसरली, कंपाउंडर बाहेर गेला की तो खुर्ची पुढे ओढतो. वय साधारण तीस ते पन्नास, अंगापिंडाने धडधाकट. आवाज खाली करून म्हणतो, "डॉक्टरसाहेब, उन्हाळी लागल्यासारखं होतंय, पण उन्हाळी न्हाई. खाली बसायच्या जागेपुढं ठणकतं. ट्रॅक्टरवर तासभर बसलो की मग उठवत न्हाई." आणि पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढतो. एका कागदावर लिहिलेले असते 'प्रोस्टेटला इन्फेक्शन', दुसऱ्यावर 'इन्फेक्शन नाही', तिसऱ्या डॉक्टरांनी तोंडी सांगितलेले असते की "तुला काही झालेलं नाही, डोक्यातून काढून टाक." गठ्ठ्याच्या तळाशी बिननावाच्या पुड्याही असतात, त्यांची किंमत विचारली की तो मान खाली घालतो.

त्याचा प्रश्न एकच असतो, "तिघंबी शिकलेले, मग खरं कोण सांगतंय?"

प्रश्न रास्त आहे. या दुखण्याबाबत डॉक्टर मंडळींत आजही पूर्ण एकमत नाही, आणि ते का नाही हे रोग्याला कळले तर त्याचे पैसे आणि हालअपेष्टा दोन्ही वाचतात. म्हणून हा लेख.

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांत असणारी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीला वेढून बसलेली, आकाराने अक्रोडाएवढी. वीर्यातला काही पातळ भाग तिच्यात तयार होतो. हिचे तीन निरनिराळे आजार असतात आणि चावडीवर त्या तिघांना एकच नाव असते, "प्रोस्टेट झालं." पन्नाशी-साठीनंतर ग्रंथी वाढून लघवी अडखळते तो एक. कॅन्सर हा दुसरा. आणि तिसरा आपल्या लेखाचा विषय, म्हणजे जुनाट प्रोस्टेटायटिस. हा तरुण आणि मध्यम वयातही होतो. तीन महिन्यांहून अधिक काळ ओटीपोटात, जांघेत, अंडकोषात किंवा गुदद्वाराच्या पुढच्या भागात दुखणे, घडीघडीला लघवीला लागणे, वीर्य जाताना कळ येणे, अशा याच्या खुणा. हा कॅन्सर नव्हे. हे आधीच सांगितलेले बरे, कारण या एका भीतीने जेवण सोडलेली माणसे मी पाहिली आहेत.

आता भांडणाचे मूळ. नावातल्या 'आयटिस'चा अर्थ दाह, सूज. सूज म्हटली की जंतू, आणि जंतू म्हटले की अँटिबायोटिक, असा सरळ हिशेब कित्येक वर्षे चालला. त्याआधी, म्हणजे अँटिबायोटिक येण्यापूर्वी, गुदद्वारातून बोट घालून ग्रंथी चोळणे हाच मुख्य उपचार होता.

१९६८ साली अमेरिकेत मीअर्स आणि स्टॅमी या दोघा डॉक्टरांनी एक पद्धतशीर तपासणी मांडली. लघवीची पहिली धार एका बाटलीत, मधली धार दुसरीत, मग ग्रंथी चोळून येणारा स्राव तिसरीत आणि त्यानंतरची लघवी चौथीत. चारही बाटल्यांचे कल्चर करायचे. जंतू फक्त शेवटच्या दोन बाटल्यांत सापडले किंवा तिथे फार जास्त निघाले, तर ते ग्रंथीत आहेत हे सिद्ध. पद्धत चांगली, पण तिने उलटाच उजेड पाडला. दहा रोग्यांतल्या नऊ जणांच्या बाटल्यांत रोग करणारे जंतू निघेनातच! दुखणे मात्र खरे.

म्हणून १९९५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञ बोलावून नवी वर्गवारी केली. पहिला वर्ग अचानक ताप-थंडी घेऊन येणारा जंतूंचा प्रोस्टेटायटिस. दुसरा जंतूंचाच, पण जुनाट. तिसरा, ज्यात बहुसंख्य रोगी बसतात, त्याला नाव दिले जुनाट ओटीपोट-वेदना विकार. चौथ्या वर्गात सूज असते पण तक्रार काहीच नसते. तिसऱ्या वर्गाच्या नावात प्रोस्टेटवरचा जोर कमी केला आहे, हे ध्यानात घ्या. दुखणे त्या भागात आहे, पण ते ग्रंथीचेच आहे असे छातीठोक सांगता येत नाही, एवढी कबुली त्यात आहे.

तरीही अँटिबायोटिकचा पक्ष मागे हटला नाही. त्यांचे म्हणणे असे, की जंतू ग्रंथीच्या कोपऱ्यात दडून बसतात, कल्चरमध्ये सापडत नाहीत. शिवाय गोळ्या घेतल्यावर कित्येकांना बरे वाटते, हा अनुभव खोटा कसा? मीही या पक्षात होतो. सहा-सहा आठवडे गोळ्या लिहून दिल्या, निम्म्यांना बरे वाटले, आणि मी ते आपले यश समजलो.

आपल्या लक्षात येईल, यात कंट्रोल प्लॉट नव्हता. एखादे नवीन खत सगळ्याच रानाला टाकले आणि ऊस चांगला आला, तर तो खताने आला की पावसाने, हे कसे सांगणार? चार सऱ्या बिनखताच्या ठेवाव्या लागतात. औषधाच्या बाबतीत बिनखताच्या सऱ्या म्हणजे हुबेहूब दिसणारी खोटी गोळी. कोणाला खरी, कोणाला खोटी, हे रोग्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही.

अशी चाचणी २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. १९६ पुरुष, सहा आठवडे. काहींना सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक, काहींना लघवीची वाट सैल करणारी टॅम्सुलोसिन, काहींना दोन्ही, काहींना खोटी गोळी. खरी गोळी खोटीपेक्षा म्हणण्यासारखी सरस ठरली नाही. लगेच आक्षेप आला, की हे रोगी जुने, पुष्कळ औषधे खाऊन निबर झालेले, ताज्या रोग्यांवर करून पाहा. तेही झाले. २००८ साली, नव्याने निदान झालेल्या २७२ जणांना बारा आठवडे अल्फुझोसिन किंवा खोटी गोळी. ही लघवीची वाट सैल करणाऱ्या जातीचीच गोळी. बरे वाटल्याचे प्रमाण खऱ्या गोळीत ४९.३ टक्के आणि खोट्या गोळीतही ४९.३ टक्के!

या आकड्यापाशी जरा थांबा. जवळजवळ निम्म्या लोकांना काहीही दिले तरी बरे वाटते. एक तर या दुखण्याला भरती-ओहोटी असते. माणूस दवाखान्यात येतो तो भरतीच्या वेळी, त्यामुळे पुढे ओहोटी येणारच. दुसरे, कोणी नीट ऐकून घेतले, हात लावून तपासले, यानेही वेदना उतरते. म्हणूनच प्रत्येक वैद्याकडे, भिंतीवर 'गुप्तरोग' रंगवणाऱ्या प्रत्येक बोर्डवाल्याकडे, आणि माझ्याकडेही, "आम्हाला गुण आला" म्हणणारी माणसे असतात. ती खोटे बोलत नसतात.

दडलेल्या जंतूंचे काय, तर २००३ साली त्याचीही पाहणी प्रसिद्ध झाली. दुखणे असलेले ४६३ पुरुष आणि काहीच त्रास नसलेले १२१ पुरुष, दोघांचीही बाटल्यांची तपासणी केली. ग्रंथीत रोगकारक जंतू सापडले ते दुखणाऱ्यांत ८ टक्क्यांना आणि न दुखणाऱ्यांतही ८ टक्क्यांनाच. तेव्हा रिपोर्टात थोडे पस सेल्स दिसले म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे होत नाही.

दुसरा पक्ष स्नायूंचा. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे स्नायू असतात, लघवी आणि शौच रोखून धरणारे. ते सतत आवळलेले राहिले तर त्यांत गाठीसारखे दुखरे बिंदू तयार होतात आणि कळ पुढे-मागे धावते, असे हे लोक म्हणतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉ. रॉडनी अँडरसन आणि मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वाईज यांनी या मताचा बराच प्रसार केला. २००९ साली ४७ स्त्री-पुरुषांवर छोटी चाचणी झाली. त्या स्नायूंवर नेमका दाब देऊन केलेल्या उपचाराने ५७ टक्के लोकांना गुण आला, सर्वांगाच्या साध्या मालिशने २१ टक्क्यांना. फरक मोठा, पण माणसे थोडी. शिवाय हे शिकलेले फिजिओथेरपिस्ट शहरातसुद्धा शोधावे लागतात, तालुक्याच्या गावी तर सोडाच.

तिसरा पक्ष मज्जातंतूंचा. एकदा लागलेली कळ बरी झाली तरी मज्जासंस्था तिची सवय सोडत नाही, बारीकशा कारणानेही घंटा वाजवत राहते, असे त्यांचे मत. अशा काही रोग्यांचे पोट, कंबर, मान असे बाकीचे अंगही दुखत असते, हे मीही पाहिले आहे.

राहिला मनाचा पक्ष. यावर रोगी चिडतो, आणि मला तो चिडणे बरोबर वाटते. काळजीने, न झोपण्याने दुखणे वाढते हे खरे, पण म्हणून दुखणे काल्पनिक ठरत नाही. आपल्याकडे यात आणखी एक घोळ असतो. लघवीतून धातू जाते आणि शक्ती संपते, ही पिढ्यान्‌पिढ्यांची भीती. १९६० साली आपल्याच देशातले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी या भीतीतून होणाऱ्या आजाराला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. लघवीवाटे चार थेंब पांढरे गेल्याने शक्ती जात नाही. पण या भीतीचा बाजार मोठा आहे, आणि ऊसबिल जमा झाल्यावर त्या बोर्डांपुढची गर्दी वाढते हे आपण सर्व जण जाणतो.

मग यातले खरे कोण? उसाचे पान पिवळे पडले की कोणी म्हणतो युरिया टाका, कोणी म्हणतो केवडा आहे, लोह कमी पडले, कोणी म्हणतो पाणी साचलेय, चर काढा. तिघेही आपापल्या रानापुरते बरोबर असू शकतात. पान पिवळे हे लक्षण एक, कारणे अनेक. २००९ साली शोस्केस आणि निकेल वगैरे डॉक्टरांनी याच धर्तीवर 'युपॉइंट' नावाची रीत मांडली. रोग्याला एका खान्यात कोंबण्याऐवजी सहा बाजूंनी तपासायचे : लघवीची तक्रार, मनाचा ताण, ग्रंथीची सूज, जंतू, मज्जातंतू आणि स्नायू. ज्या बाजूने दोष दिसेल त्या बाजूचा उपचार. त्यांनी १०० रोग्यांवर हे करून पाहिले, ८४ जणांना चांगला फरक पडला. मला ही रीत पटते. परंतु त्यातही कंट्रोल प्लॉट नव्हता, हे सांगितले नाही तर वर लिहिलेले सगळे मीच विसरलो असे होईल. उलट चीनमध्ये ४४० रोग्यांवर खऱ्या आणि खोट्या सुयांची तुलना झाली, तिचा निकाल २०२१ साली आला. आठ आठवड्यांनी खऱ्या अॅक्युपंक्चरने सुमारे ६१ टक्क्यांना गुण, खोट्याने ३७ टक्क्यांना. सुईला मी हसत असे. आता हसत नाही.

आता आपल्या गड्याने करायचे काय? पहिली गोष्ट, अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्यापूर्वी लघवीचे कल्चर करून घ्या. माती परीक्षण खत टाकण्याआधी करतात, नंतर नव्हे. जमल्यास ग्रंथी चोळण्याआधीची आणि नंतरची, अशा दोन बाटल्या. एकच जंतू पुन्हापुन्हा सापडला तर तुम्ही त्या दहातल्या एकात बसता, आणि मग चार ते सहा आठवड्यांचा कोर्स पुरा करावाच लागतो, कारण या ग्रंथीत फार थोडी औषधे शिरतात. साखर असलेल्यांनी ती तपासावी. पस सेल्स सतत येतात पण साध्या कल्चरमध्ये काही उगवत नाही, असे असेल तर आपल्या देशात क्षयाचाही विचार करावा लागतो.

कल्चरमध्ये काही निघाले नाही, तर एखादा कोर्स डॉक्टर देतील, त्याला माझी हरकत नाही. पण त्याने फरक पडला नाही तर दुसरा, तिसरा, चौथा कोर्स मागू नका, आणि कोणी दिला तर "कशावरून?" म्हणून विचारा. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीच्या गोळ्यांनी टाचेवरची जाड शीर तुटू शकते, असा ठळक इशारा छापण्याचे आदेश अमेरिकेच्या औषध खात्याने २००८ सालीच दिले होते. बिनकामाच्या गोळ्यांनी जंतू निबर होतात ते वेगळेच. ऑपरेशन करून ग्रंथी काढा असे या दुखण्यासाठी कोणी सुचवले, तर दुसऱ्या मूत्ररोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

घरी करण्यासारखे म्हणाल तर मोठ्या घमेल्यात कोमट पाणी घेऊन पंधरा मिनिटे बसणे, ट्रॅक्टरवर किंवा मोटारसायकलवर सलग बसणे टाळून मधून उतरणे, शौचाला कुंथायला लागू नये इतपत पाणी आणि भाजीपाला. पुस्तकात वाचून खालचे स्नायू आवळण्याचे व्यायाम मात्र करू नका. स्नायू आधीच आवळलेले असतील तर त्याने दुखणे वाढते.

थंडी वाजून ताप आणि लघवी तुंबणे, किंवा लघवीतून रक्त, यात मात्र मतभेद नाहीत. त्याच दिवशी इस्पितळ गाठा. अशा तापात ग्रंथी कोणाला चोळू देऊ नका.

दवाखान्यात येताना जुने सगळे कागद, रिकामी पाकिटे आणि त्या पुड्यासुद्धा घेऊन या. कोणत्या महिन्यात कोणते औषध आणि तेव्हा दुखणे कसे होते, हे पोराच्या वहीच्या पानावर लिहून आणलेत तर माझे अर्धे काम होते. चारचौघांत बोलायला संकोच वाटत असेल तर केसपेपर काढताना नुसते "डॉक्टरांशी बोलायचे आहे" एवढेच सांगा.