जटपुऱ्यातून आत, अंचलेश्वरातून बाहेर

गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे म्हणजे वडसा. बाकी सगळी भिस्त लालपरीवर. दवाखाना असो की लग्नाचा बस्ता, सकाळी चंद्रपूरची गाडी धरायची आणि दिवे लागायच्या सुमारास परतायचं, हा इथला शिरस्ता. व्याहाडजवळ वैनगंगा ओलांडली की जिल्हा बदलतो. पुढे सावली, मूल आणि चिचपल्लीकडचं जंगल. २०२३पासून महिलांना अर्धं तिकीट.

काम आटोपल्यावर दोन-तीन तास हाती उरले, तर ते बसस्थानकाच्या बाकावर घालवू नयेत. चंद्रपूर हे शहर खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाचं. त्याभोवती सुमारे ११ किलोमीटरचा परकोट, चार दरवाजे आणि पाच खिडक्या. उत्तरेच्या जटपुरा दरवाजातून आजही रहदारी सुरू असते. ऑटोवाले एकमेकांवर हॉर्न वाजवतात आणि त्या गर्दीत दगडातला, हत्तीला दाबून धरणारा सिंह कुणाला दिसतच नाही. तो गोंड राजांचा शिक्का. मान वर करायची तसदी तेवढी घ्यावी.

गडचिरोलीकरांचं या शहराशी आणखी एक नातं आहे. त्यांच्याच भागातून इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इथल्याच तुरुंगात फाशी झाली.

गांधी चौकातून पुढे चालत गेलं की पूर्वेचा अंचलेश्वर दरवाजा. तिथल्या गोंडराजांच्या समाध्यांमध्ये नजरेत भरते ती बीरशहाची, राणी हिराईने नवऱ्यासाठी बांधलेली. ताजमहालाचं कौतुक करताना बायकोने नवऱ्यासाठी उभारलेलं हे स्मारक मराठी माणसाला आठवत नाही, हे जरा नवलच. दरवाजाबाहेर महाकालीचं देऊळ. चैत्रात मराठवाड्यातून आलेल्या भाविकांनी हा परिसर फुलून जातो. शेजारच्या झरपट नदीची अवस्था मात्र देवीच्या दारात शोभणारी नाही.

परकोटावरही झाडाझुडपांचं रान माजलं होतं. ते साफ करायला २०१७मध्ये 'इको-प्रो' या संस्थेचे कार्यकर्ते फावडी-कुऱ्हाडी घेऊन उतरले, म्हणून आज काही बुरुजांवर चढता येतं.

वेळ असेल तर लालपेठचं अपूर्व देवालय. रायप्पा कोमटी याने बांधायला घेतलेलं हे मंदिर अर्धवट राहिलं आणि त्यातल्या अजस्र मूर्ती उघड्यावरच राहिल्या. यांपैकी दहा तोंडांच्या दुर्गेला लोक बिनदिक्कत रावण म्हणतात! तिकडे जाताना ऑटो येण्याजाण्याचा ठरवावा आणि निघण्याआधी स्थानकावर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून ठेवावी.