पोपट घेण्याआधी पावती मागा

व्यापारी बंधूंनो, जवळा बाजारात कापड घेणारे गिऱ्हाईक आधी पोत पाहते, रंग जाईल का विचारते, मगच भाव करते. पोपट घेताना मात्र मुलाच्या हट्टापुढे आपण काहीच विचारत नाही.

पहिला प्रश्न पावतीचा. आपला गळ्यावर कंठ असलेला हिरवा पोपट पकडणे, विकणे, पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. विकणारा पावती देणार कुठून? चोरीचा माल आपण दुकानात घेत नाही, मग घरात का घ्यावा?

ऑस्ट्रेलियाचे छोटे बजरीगर पाळायला मनाई नाही. आफ्रिकेच्या राखाडी पोपटाची मात्र २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंद करावी लागते.

दुसरा प्रश्न आखिरतचा. लहानग्या अबू उमैरने पक्षी पाळला होता, हुजूर (स.) यांनी मनाई केली नाही. पण मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला अजाब झाल्याचेही हदीसमध्ये आहे.

दुकान बंद करून चार दिवस लग्नाला गेलो, तर पिंजऱ्यात दाणापाणी कोण घालणार? उत्तर नसेल तर पेरूच्या झाडावर चार फळे राहू द्या. पोपट आपणहून येतील.