जर्मन जेवणाची वाखाणणी

जेवण रुचलें तर तें बोलून दाखवावें, हा शिष्टाचार जर्मनींतही आहे; मात्र त्यासाठीं केवळ शब्दकोश उघडणाराची बहुधा फसगत होते. ‘क्योस्टलिश’, ‘फोरत्स्यूग्लिश’ हे तेथें सांपडणारे शब्द खोटे नाहींत. पण घरगुती बटाट्याच्या सुपावर ते दरबारी पोशाख घालून आल्यासारखे दिसतात. पुण्याच्या मॅक्स म्यूलर भवनांत जर्मन शिकून त्या देशीं जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यानें आधीं हातीं धरावें तें ‘श्मेकेन’ हें साधें क्रियापद.

ह्या क्रियापदाच्या बाबतींत मराठी माणसाचें पारडें जड आहे. ‘डी झुपे श्मेक्ट मीर’ ह्याचा अर्थ ‘सूप मला रुचतें’. रुचणारा पदार्थ कर्ता, आणि खाणारा ‘मीर’, म्हणजे ‘मला’, असा चतुर्थींत. आपल्या ‘रुचणें’ची घडण हीच. इंग्रजीच्या वळणानें विचार करणारा मात्र ‘मी’ला कर्ता करून ‘इश श्मेके गूट’ म्हणून बसतो, आणि मग तो स्वतःच चविष्ट असल्याचें यजमानांस कळतें! उपाहारगृहांतील वाढपी ताट उचलतांना ‘हाट्स गेश्मेक्ट?’ असें विचारतो, तेंही हेंच क्रियापद. श्वाबेनच्या बोलींत मात्र त्याचा अर्थ ‘वास येणें’ असाही होतो, हें तिकडे जाणारानें ध्यानांत ठेवावें.

दुसरा शब्द ‘लेकर’. तो ‘लेकेन’ म्हणजे चाटणें ह्यावरून आला. संस्कृतांतील ‘लिह्’ धातु त्याचाच दूरचा भाऊबंद. तेव्हां चतुर्विध अन्नांतील आपलें ‘लेह्य’ आणि जर्मनांचें ‘लेकर’ हीं एकाच कुळींचीं आहेत. हा शब्द मूळ उत्तरेकडचा. बव्हेरियांत व ऑस्ट्रियांत अनेकांना तो अजूनही परका वाटतो. तेथें नुसतें ‘गूट’ म्हटलें तरी पुरतें. बोटें चाटणें आणि तोंडाला पाणी सुटणें हे दोन्ही वाक्प्रचार जर्मनांत आपल्यासारखेच आहेत. त्याहून गोड असा एक प्रयोग मात्र आपल्याकडे नाहीं: केक उत्तम साधला तर तो ‘आइन गेडिश्ट’, म्हणजे एक कविता आहे, असें म्हणतात. आणि ‘डास श्मेक्ट नाख मेर’, म्हणजे ‘ह्याला आणखीची चव आहे’, असें म्हटलें कीं वाढणारीनें काय तें समजावें.

परंतु सर्वच जर्मन असे मोकळ्या हातानें स्तुति करीत नाहींत. बर्लिनचा माणूस खुष झाला तर ‘डा कान मान निश्ट मेकर्न’ म्हणेल. मेकर्न म्हणजे शेळीचें ओरडणें, आणि त्यावरून कुरकुरणें. कुरकुरायला जागा नाहीं, एवढीच ती पावती. श्वाबेनमध्यें तर दोष न देणें हीच पुरेशी स्तुति, अशी म्हणच आहे. मराठी विद्यार्थ्यानें परदेशीं खटपट करून पुरणपोळी करावी आणि मित्रानें ‘निश्ट श्लेश्ट’, म्हणजे ‘वाईट नाहीं’, म्हणावें, ह्यानें खट्टू होण्याचें कारण नाहीं. ती बऱ्यापैकीं शाबासकी आहे. खरी धास्ती ‘इंटेरेसांट’ ह्या शब्दाची. पोळीला कोणी मनोरंजक म्हटलें, तर ती बहुधा त्याच्या घशाखालीं उतरलेली नसते.

एक शब्द मात्र प्रत्यक्ष पोटाशीं गांठ घालणारा आहे. आणखी वाढूं का, असें विचारल्यावर नुसतें ‘डांके’ म्हटलें, तर त्याचा अर्थ सामान्यतः ‘नको’ असा होतो. आपल्या पंगतींतल्याप्रमाणें दोनदां नको म्हणून तिसऱ्या आग्रहाला ताट पुढें करण्याची सोय तेथें बहुधा नसते. यजमानीण पाहुण्याच्या शब्दाचा मान ठेवते आणि भांडें झांकते. हवें असेल तर पहिल्याच वेळीं ‘या, गेर्न’, म्हणजे ‘हो, आनंदानें’, असें म्हणावें. त्यांत तेथें हांवरेपणा मानीत नाहींत.