विश्लेषण : मीडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेऱ्यांचे भवितव्य काय? अजिंठ्याच्या भिंतींना त्यांची गरज उरेल का?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठा लेण्यांमधली चित्रे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची, काही त्याहूनही जुनी आहेत. रंग विटतात, गिलावा सुटतो. त्यामुळे आज भिंतीवर जे आहे त्याची बारीकसारीक नोंद करून ठेवणे महत्त्वाचे ठरते. अशा कामासाठी मीडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेरा हे उत्तम साधन मानले जाते. मात्र हे कॅमेरे बनवणाऱ्या कंपन्या आता मोजक्याच उरल्या आहेत आणि साध्या कॅमेऱ्यांनी त्यांच्याशी असलेले अंतर बरेच कमी केले आहे.

मीडियम फॉरमॅट म्हणजे काय?

फिल्मच्या काळात लग्नाचे फोटो काढणाऱ्या अनेक स्टुडिओंत दोन भिंगांचा यशिका किंवा रोलायफ्लेक्स असे. त्यात १२० क्रमांकाचा रोल भरला जाई आणि एका रोलवर १२ चौकोनी फोटो येत. हाच मीडियम फॉरमॅट. ३५ मिमीच्या फिल्मपेक्षा ही निगेटिव्ह बरीच मोठी असल्याने फोटो मोठा केला तरी फाटत नसे.

डिजिटल युगात निगेटिव्हची जागा सेन्सरने घेतली. नेहमीच्या फुलफ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा असतो. फुजीफिल्मच्या जीएफएक्स आणि हॅसलब्लाडच्या एक्स मालिकेत तो सुमारे ४४ बाय ३३ मिमीचा, म्हणजे क्षेत्रफळाने जवळपास १.७ पट असतो. डेन्मार्कच्या फेज वन कंपनीच्या १५० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात तो सुमारे ५४ बाय ४० मिमीचा, म्हणजे अडीच पट आहे. जुन्या चौकोनी निगेटिव्हची बाजू मात्र ५६ मिमी होती. म्हणजे आजचा ‘मीडियम’ मुळात जुन्यापेक्षा लहानच आहे.

अजिंठ्यात हा कॅमेरा कशासाठी?

अजिंठ्याच्या चित्रांच्या नोंदीचा इतिहास आगीत होरपळलेला आहे. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे येथे राहून तैलरंगात प्रतिकृती केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवलेल्या त्यातील बहुतेक प्रतिकृती १८६६ च्या आगीत गेल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात नव्याने प्रतिकृती केल्या. त्यातील शंभराहून अधिक प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ दरम्यान प्रसिद्ध केलेल्या चार भागांच्या ग्रंथात मात्र छायाचित्रणाचा आधार घेतला गेला.

लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि आत उजेड अगदी मंद असतो. त्यात १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला इटालियन तज्ज्ञांनी संवर्धनासाठी दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला. त्यामुळे गडद तपकिरी आणि त्याहून किंचित गडद तपकिरी यांतला फरक टिपणाऱ्या कॅमेऱ्याची गरज असते. मोठा सेन्सर एकूण जास्त प्रकाश गोळा करतो, म्हणून अंधाऱ्या भागातही तपशील राहतो.

मग अंतर कमी कसे झाले?

२०१४ पर्यंतच्या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांत प्रामुख्याने सीसीडी सेन्सर असत. भरपूर उजेडात ते उत्तम, पण कमी उजेडात लंगडे. त्या वर्षी फेज वन, हॅसलब्लाड आणि पेंटॅक्स यांनी सोनीचा ५० मेगापिक्सेलचा सीमॉस सेन्सर वापरायला सुरुवात केली आणि मंद प्रकाशातील काम सोपे झाले.

पण तेच तंत्र लहान सेन्सरलाही मिळाले. सोनीचा ६१ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम, १०० मेगापिक्सेलचा मीडियम फॉरमॅट आणि १५० मेगापिक्सेलचा त्याहून मोठा सेन्सर, या तिन्हींतला प्रत्येक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचाच आहे. एकाच ताग्यातून कापलेले हे लहान-मोठे तुकडे. मोठ्या सेन्सरमध्ये पिक्सेलची संख्या जास्त आहे, पिक्सेलचा आकार तोच आहे.

तुकडा मोठा झाला की किंमतही झपाट्याने वाढते. सिलिकॉनच्या एका चकतीतून मोठे सेन्सर कमी निघतात आणि एखादा दोष आला तर वाया जाणारा भागही मोठा असतो.

भिंतीपुढे हिशेब काय सांगतो?

समजा, ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच चित्राची नोंद दर इंचाला ३०० पिक्सेल या दराने करायची आहे. त्यासाठी सुमारे ८४ कोटी पिक्सेल लागतील. इतके एका फोटोत मावत नाहीत, म्हणून तुकड्या-तुकड्यांनी फोटो काढून संगणकावर जोडावे लागतात. शेजारचे फोटो ३० टक्के एकमेकांवर चढतील असे धरले, तर १०० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने १६ फोटो लागतात, ६१ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेमने २५.

दोन्हींतून हाती येणारे चित्र जवळपास सारखेच. भिंत हलत नाही. तिवईवर कॅमेरा ठेवून शटर जास्त वेळ उघडे ठेवले की लहान सेन्सरही पुरेसा प्रकाश घेतो. मोठ्या सेन्सरची खरी बचत वेळेची आहे. अजिंठ्यात ती किरकोळ नाही. माणसांचा श्वास आणि त्याने वाढणारी आर्द्रता चित्रांना घातक असते, त्यामुळे आतले काम जितके लवकर आटपेल तितके बरे. पण या बचतीसाठी किती मोजायचे, हा प्रश्न उरतोच.

बाजारात कोण उरले?

क्योसेराने २००५ मध्ये काँटॅक्स ६४५ बंद केला. फेज वनने आधी लीफ आणि नंतर मामिया विकत घेतली. पेंटॅक्सच्या ६४५ मालिकेत २०१४ नंतर नवा कॅमेरा आलेला नाही. हॅसलब्लाड २०१७ पासून ड्रोन बनवणाऱ्या चीनच्या डीजेआयच्या ताब्यात आहे.

टिकून राहण्याच्या वाटा दोन दिसतात. पहिली फुजीफिल्मची : किंमत खाली आणणे. २०१९ मध्ये तिचा १०० मेगापिक्सेलचा पहिला कॅमेरा १० हजार डॉलरला आला, २०२४ मध्ये तितक्याच पिक्सेलचा कॅमेरा ५ हजार डॉलरला. फुजीफिल्म फुलफ्रेम कॅमेरे बनवतच नाही, त्यामुळे स्वतःच्याच मालाशी स्पर्धा होण्याची भीती तिला नाही. दुसरी वाट फेज वनची : संग्रहालये आणि विमानातून होणारे नकाशांकन अशा संस्थात्मक कामांकडे वळणे. तिचा १५० मेगापिक्सेलचा संच सुमारे ५० हजार डॉलरला बाजारात आला होता.

दोन्ही वाटांची कमजोर कडी एकच : सेन्सर. तो प्रामुख्याने सोनीकडून येतो. इतक्या छोट्या बाजारासाठी पुढच्या पिढीचा मोठा सेन्सर बनवणे सोनीला परवडेल का, यावर बरेच काही ठरेल.

नोंदीचे काय होणार?

कॅमेऱ्यांचा हा प्रकार उद्या संपेल असे नाही, पण एखादी मालिका बंद पडू शकते. तेव्हा भिंगे, सुटे भाग आणि दुरुस्ती दुर्मीळ होते. त्याहून नाजूक बाब फाइलची. अनेक कंपन्या कच्च्या फाइलसाठी स्वतःचा साचा वापरतात. सॉफ्टवेअरने त्या साच्याची साथ सोडली की फाइल असूनही चित्र दिसत नाही. ही एका अर्थी तिसरी आगच.

यावर उपाय महागडा नाही. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला रंगपट्टीचा फोटो घ्यावा. मूळ फाइलसोबत टिफ किंवा डीएनजीसारख्या सर्वांना वाचता येणाऱ्या साच्यात प्रत ठेवावी. प्रती निदान दोन वेगवेगळ्या शहरांत असाव्यात. १०० मेगापिक्सेलचा एक फोटो १६ बिटमध्ये सुमारे २०० एमबीचा होतो. वरच्या उदाहरणातील भिंतीचे १६ फोटो धरले तर सव्वातीन जीबीच्या आसपास, म्हणजे खिशातल्या पेन ड्राइव्हवर मावतील इतके.

गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या काळात प्रतिकृतीची हुबेहूब दुसरी प्रत करणे सोपे नव्हते. आज ती करणे सोपे आहे. त्यामुळे अजिंठ्यापुरते पाहिले तर कोणती कंपनी टिकते यापेक्षा, काढलेला फोटो पन्नास वर्षांनी उघडतो की नाही, हे जास्त महत्त्वाचे आहे.